उत्तेजक द्रव्यें आणि जबाबदारीचा प्रश्न

१८ ऑगस्ट २०१६ ह्या दिवशीं रिओ दि जानेरो येथें क्रीडा-लवाद न्यायालयानें जो निकाल दिला, तो महाराष्ट्रांतील कुस्तीप्रेमी मंडळींच्या स्मरणांतून अद्यापि गेला नसेल. २०११ पासून लागोपाठ तीन वर्षें 'महाराष्ट्र केसरी' ठरलेले मल्ल नरसिंग यादव दुसरे दिवशीं ऑलिंपिकच्या ७४ किलो गटांत कुस्तीस उभे राहावयाचे होते. तोंच त्यांच्या शरीरांत निषिद्ध द्रव्य सांपडल्याच्या कारणावरून त्यांस चार वर्षें खेळण्याची मनाई झाली. त्या वेळीं आपल्याकडे दोन मतें ऐकूं आलीं. एक पक्ष म्हणे, गुन्हा परीक्षेंत सिद्ध झाल्यावर दया कसली? दुसरा पक्ष म्हणे, ज्याच्या अन्नांत दुसऱ्यानें कांहीं कालवलें, त्यालाच दंड करणारा हा न्याय कोणत्या गांवचा?

दोन्ही मतांत तथ्यांश आहे. परंतु ज्या नियमानें हा निकाल झाला, त्या नियमास एक लांबचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्यावांचून ह्या वादाचा उलगडा व्हावयाचा नाहीं. गंमत अशी कीं, ह्या इतिहासाचा बराच मोठा भाग कुस्तीच्या हौद्यांत घडलेला नसून सायकलीच्या शर्यतींत घडलेला आहे. मुंबई-पुणें शर्यतींत बोरघाट चढणारे सायकलपटू ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ह्या खेळांत शरीराची किती दमछाक होते ह्याची थोडी कल्पना येईल. फ्रान्सांतील 'टूर द फ्रान्स' ही शर्यत त्या घाटासारखे आणि त्याहून मोठे अनेक घाट तीन आठवडे चढावयास लावते. अशा खेळांत औषधांचा शिरकाव प्रथम व्हावा, ह्यांत नवल नाहीं.

ही शर्यत १९०३ सालीं सुरू झाली. पुढें १९२४ सालीं, आदल्या वर्षींचा विजेता आंरी पेलिसिए हा आपल्या भावासह शर्यत सोडून बाहेर पडला, आणि अल्बेर लोंद्र नांवाच्या पत्रकारापुढें त्यानें आपली पिशवी मोकळी केली. तींत कोकेन होतें, क्लोरोफॉर्म होतें, नाना तऱ्हेच्या गोळ्या होत्या. लपविण्यासारखें कांहीं आहे असें त्या काळीं कोणास वाटतच नव्हतें. १९३० च्या नियमावलींत तर, संयोजक जें साहित्य पुरवितील त्यांत उत्तेजक औषधें नसतील, अशी खेळाडूंस जाणीव देण्यांत आली होती. म्हणजे औषधें घेऊं नका असें सांगणें नव्हतें; ज्यानें त्यानें आपलीं आणावीं, एवढाच त्याचा अर्थ.

ही बेफिकिरी पुढें जिवावर बेतूं लागली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें क्नुड एनेमार्क येन्सन हा डेन्मार्कचा सायकलपटू भर उन्हांत कोसळून मरण पावला. त्याच्या मृत्यूस ऊन किती कारण झालें व औषध किती, ह्याविषयीं पुढें वाद झाला. पण सर्व जगाचें लक्ष ह्या प्रश्नाकडे त्या दिवशीं वळलें. १३ जुलै १९६७ रोजीं इंग्लंडचा टॉम सिम्प्सन व्हाँतू पर्वताच्या चढावर सायकलीवरून पडला तो पुन्हां उठला नाहीं. तो दोन वर्षांपूर्वींचा जगज्जेता होता आणि त्याचें वय अवघें २९ होतें. त्याच्या शरीरांत अँफेटामीन आणि मद्य आढळलें.

फ्रान्सनें १९६५ सालींच ह्याविरुद्ध कायदा केला होता. त्या कायद्यान्वयें पुढील वर्षीं बोर्दो येथें खेळाडूंची पहिली तपासणी झाली. त्याचा परिणाम काय व्हावा? दुसरे दिवशीं सगळे सायकलपटू निषेधार्थ सायकलीवरून उतरून कांहीं अंतर पायीं चालले! तपासणी करणें हाच अपमान, असें त्यांस वाटलें. ऑलिंपिकमध्यें १९६८ पासून तपासणी सुरू झाली. पण पुढील तीस वर्षें तपासणी एका वाटेनें आणि औषधें दुसऱ्या वाटेनें, असाच प्रकार चालूं राहिला. १९९० च्या सुमारास 'इपीओ' नांवाचें द्रव्य ह्या खेळांत आलें. रक्तांतील तांबड्या पेशी वाढवून तें शरीराची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति वाढवितें. मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठीं निघालेलें हें औषध खेळाडूच्या अंगीं गेलें, आणि त्याची खात्रीची परीक्षा निघावयास जवळ जवळ दहा वर्षें लागलीं.

आतांपर्यंतच्या ह्या हकीकतींत दोष दिसतो तो एकेका खेळाडूचा. परंतु ८ जुलै १९९८ ह्या दिवशीं पडदा वर गेला आणि मागची मंडळी दिसली. फ्रान्स आणि बेल्जम ह्यांच्या सीमेवर विली व्होएट नांवाच्या इसमाची मोटार अडविण्यांत आली. 'फेस्टिना' ह्या घड्याळ-कंपनीच्या सायकल-संघांत खेळाडूंचें अंग रगडणें, त्यांची देखभाल करणें, हें त्याचें काम. मोटारींत इपीओ, वाढीचें संप्रेरक, टेस्टोस्टेरोन इत्यादि द्रव्यांच्या चारशेंहून अधिक कुप्या व पुड्या निघाल्या. एवढा सांठा कोणी एका माणसासाठीं नेत नाहीं. कांहीं दिवसांतच संघाचा व्यवस्थापक ब्रूनो रूसेल ह्यानें मान्य केलें कीं, संघांत औषधें देण्याची रीतसर व्यवस्था असून ती वैद्यांच्या देखरेखीखालीं चालत असे. त्यासाठीं खेळाडूंच्या प्राप्तींतून निधि राखला जाई. संघ शर्यतींतून हांकलला गेला. त्या वर्षीं शर्यतीस १८९ सायकलपटू निघाले होते. पॅरिसला ९६ पोहोंचले. पुढें लील येथील न्यायालयानें व्होएट व रूसेल दोघांसही दोषी ठरविलें.

ह्या प्रकरणापासून दोन गोष्टी निघाल्या. पहिली, १० नोव्हेंबर १९९९ रोजीं स्थापन झालेली उत्तेजकविरोधी जागतिक संस्था. तिच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला 'वाडा' म्हणतात. नांव मराठी कानास घरचें वाटलें तरी तिचा कारभार परका आणि कडक आहे. तिच्या संहितेचें मुख्य सूत्र असें: खेळाडूच्या शरीरांत जें सांपडेल त्याचा जबाबदार तो स्वतः. तें तेथें कसें आलें, हेतु काय होता, हे प्रश्न शिक्षा किती द्यावी हें ठरवितांना विचारांत घ्यावयाचे. दोष घडला कीं नाहीं हें ठरवितांना नव्हे. असें सूत्र कां करावें लागलें, हें मागचा इतिहास पाहिला म्हणजे समजतें. शंभरांतले नव्याण्णव सांपडलेले खेळाडू 'मला ठाऊक नव्हतें' असेंच म्हणतात, आणि परीक्षानळींत मनांतला हेतु उतरत नाहीं.

दुसरी गोष्ट म्हणजे सायकल-संघांनीं आपण होऊन स्वीकारलेली 'शून्य-सहिष्णुता'. औषधांशीं ज्याचा कधींही संबंध आला असेल त्यास आमच्या संघांत जागा नाहीं, अशी ही प्रतिज्ञा. २००६ आणि २००७ सालीं स्पेन, जर्मनी, डेन्मार्क येथील मोठमोठ्या खेळाडूंचीं नांवें बाहेर आलीं. २००७ च्या शर्यतींत तर अग्रस्थानीं असलेल्या मायकेल रासमुसेन ह्यास, आपण कोठें राहतों ह्याची खोटी माहिती दिल्यावरून, त्याच्याच संघानें घरीं पाठविलें. जाहिरातदार कंपन्या घाबरल्या. अशा वेळीं २०१० पासून शर्यतींत उतरलेल्या इंग्लंडच्या 'टीम स्काय' ह्या संघानें ही प्रतिज्ञा मोठ्या डौलानें घेतली. डेव्ह ब्रेल्सफर्ड हे त्याचे प्रमुख. २०१२ सालीं ह्या संघाच्या ब्रॅडली विगिन्सनें टूर द फ्रान्स जिंकली.

त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या संस्थेनें लान्स आर्मस्ट्राँगविषयींचा आपला सविस्तर निर्णय प्रसिद्ध केला, आणि १९९९ ते २००५ पर्यंतचीं त्याचीं सातही विजेतेपदें रद्द झालीं. तेव्हां टीम स्कायनें आपल्या सर्व नोकरांपुढें एक कागद ठेवला: आपला औषधांशीं पूर्वी कधींही संबंध आलेला नाहीं, असें लिहून सही करावी. बॉबी ज्युलिच आणि स्टीव्हन द योंग ह्या दोघांनीं आपल्या खेळण्याच्या दिवसांत आपण औषध घेतलें होतें असें खरें सांगितलें, आणि दोघांचीही नोकरी गेली.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. ह्या कागदानें कोणाची परीक्षा झाली? ज्यानें खरें सांगितलें तो गेला. कोणी खोटी सही केली असती तर तो राहिला असता, कारण कागदाला खोटें ओळखतां येत नाहीं. शाळेंत गुरुजी 'काच कोणीं फोडली?' म्हणून विचारतात आणि जो उठून उभा राहतो त्यालाच छडी बसते; अशा वर्गांत पुढल्या खेपेस कोण उभा राहील?

ह्याच्या उलट मार्ग जोनाथन व्हॉटर्स ह्या अमेरिकन व्यवस्थापकानें धरला. तो स्वतः पूर्वीचा सायकलपटू. आपणही औषध घेतलें होतें हें त्यानें २०१२ सालीं जाहीरपणें लिहिलें. त्याच्या संघांत पूर्वीच्या दोषी माणसांस जागा होती. मात्र चौकशी-अधिकाऱ्यांनीं विचारलें तर सगळें खरें सांगावें, ही अट होती. डेव्हिड मिलर हा २००४ सालीं दोन वर्षांची बंदी भोगून आलेला सायकलपटू ह्याच संघांत आला आणि पुढें उत्तेजकांविरुद्ध उघड बोलणारा झाला. आर्मस्ट्राँगच्या प्रकरणांत साक्ष देणाऱ्यांत ह्या संघाचे खेळाडू होते. त्यांनीं सहा सहा महिन्यांची बंदी पत्करली. ह्या मार्गावरही आक्षेप घेतां येतो. जुन्या अपराध्यांस मानाच्या जागीं पाहून नव्या मुलांनीं काय समजावें? शिवाय जो कधींच औषध न घेतां मागें पडला आणि खेळ सोडून गेला, त्याच्या नुकसानीची भरपाई कोणी केली? हे प्रश्न खरे आहेत. पण सत्य बाहेर आलें तें ह्या मार्गानें, हेंही तितकेंच खरें.

कडक प्रतिज्ञेचें पुढें काय झालें, तेंही पाहावें. टीम स्कायनें गेर्ट लाइंडर्स नांवाचा डॉक्टर कामावर ठेविला होता. त्यास आधींच्या दुसऱ्या संघांतील कृत्यांबद्दल २०१५ च्या जानेवारींत जन्माची बंदी झाली. मार्च २०१८ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीनें असा अभिप्राय दिला कीं, वैद्यकीय परवानगीच्या आडून शक्ति वाढविण्यासाठीं औषध वापरून ह्या संघानें नीतीची मर्यादा ओलांडली, जरी नियमाचा भंग झाला नाहीं. संघानें आणि विगिन्सनें हा आरोप नाकारला. २०२१ सालीं संघाचे पूर्वींचे डॉक्टर रिचर्ड फ्रीमन ह्यांनीं २०११ मध्यें टेस्टोस्टेरोनचा सांठा मागविला तो एखाद्या खेळाडूस द्यावयाचा आहे हें जाणून किंवा तसें समजून, असें वैद्यकीय न्यायाधिकरणानें ठरविलें आणि त्यांचें नांव डॉक्टरांच्या यादींतून काढलें. तो खेळाडू कोण, हें मात्र कधींच निष्पन्न झालें नाहीं. सारांश, दारावर पाटी लावल्यानें घर स्वच्छ होत नाहीं. आंत रोज झाडावें लागतें.

आतां आपल्या घरच्या प्रकरणाकडे वळूं. नरसिंग यादव ह्यांनीं २०१५ सालीं लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळवून भारतासाठीं ऑलिंपिकची जागा आणली होती. त्या जागेसाठीं सुशील कुमार ह्यांनीं निवड-कुस्तीची मागणी केली. दिल्ली उच्च न्यायालयानें ती जून २०१६ मध्यें फेटाळली. त्याच महिन्याच्या २५ तारखेस घेतलेल्या नमुन्यांत नरसिंग ह्यांच्या शरीरांत मेथँडिएनोन हें स्नायु वाढविणारें द्रव्य सांपडलें. सोनिपतच्या शिबिरांत आपल्या अन्नपेयांत तें कोणी तरी मिसळलें, असें त्यांचें म्हणणें. त्यांच्याबरोबर राहणाऱ्या मल्लाच्या नमुन्यांतही तेंच द्रव्य निघालें. भारतीय संस्थेच्या, म्हणजे 'नाडा'च्या, शिस्त-मंडळानें १ ऑगस्टला त्यांचें म्हणणें मान्य करून त्यांस मोकळें केलें. वाडानें त्यावर दाद मागितली. लवादापुढें तज्ज्ञांची साक्ष अशी पडली कीं, द्रव्याचें प्रमाण पाहतां तें पेयांत मिसळलेल्या भुकटीपेक्षां गोळीच्या रूपानें पोटांत गेलें असावें. अन्नांत भेसळ झाल्याचा समाधानकारक पुरावा नाहीं असें ठरलें, आणि स्नायु वाढविणाऱ्या द्रव्यांस जी नेहमींची चार वर्षांची शिक्षा, ती कायम झाली.

भेसळ झाली कीं नाहीं, ह्याचा निवाडा येथें करण्याचें कारण नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, देशाच्या शिबिरांत, देशाच्या खर्चानें, देशाच्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीं राहणाऱ्या दोन मल्लांच्या शरीरांत एकच निषिद्ध द्रव्य सांपडलें. आणि तें तेथें कसें आलें हें सिद्ध करण्याचा सारा भार त्या मल्लावर आला. शिबिराचें स्वयंपाकघर, त्याच्या किल्ल्या, तेथें येणारा-जाणारा माणूस, ह्यांवर त्याचा ताबा नव्हता. ज्यांचा ताबा होता, त्यांच्यावर हा भार नव्हता. फेस्टिना प्रकरणांत व्यवस्थापकास न्यायालयांत उभें राहावें लागलें, ह्याचें महत्त्व येथें कळतें.

दुसरें प्रकरण मुंबईच्या पृथ्वी शॉचें. २२ फेब्रुवारी २०१९ रोजीं इंदूर येथें घेतलेल्या त्याच्या नमुन्यांत टर्ब्युटलीन सांपडलें. हें द्रव्य खोकल्याच्या औषधांत असतें; आपण दुकानांतून घेतलेल्या औषधामुळें तें अंगांत गेलें, असें त्यानें सांगितलें, आणि क्रिकेट मंडळानें तें मान्य केलें. तो त्या वेळीं १९ वर्षांचा होता. त्यास आठ महिन्यांची बंदी झाली. ती मागल्या तारखेपासून धरल्यामुळें नोव्हेंबरांत संपली. ही बंदी जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट २०१९ मध्यें, क्रिकेट मंडळ नाडाच्या कक्षेंत आलें. दोन्ही प्रकरणांतला फरक उघड आहे: द्रव्य निराळें, म्हणून शिक्षा निराळी. साम्यही तितकेंच उघड आहे. दोन्ही ठिकाणीं दंड झाला तो एकट्या खेळाडूस.

आपल्या जुन्या तालमींत ह्या बाबतींत एक निराळी समजूत होती. पठ्ठ्याच्या खुराकाची काळजी वस्तादाची. दूध किती, तूप किती, बदाम किती, कोणाच्या हातचें खावें आणि कोणाच्या हातचें खाऊं नये, हें वस्ताद ठरवी. आणि पठ्ठा आखाड्यांत दगाफटका करील तर बोल लागे तो तालमीच्या नांवाला. १९५२ सालीं हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव ह्याच परंपरेंतले. त्या जुन्या व्यवस्थेंत वस्तादाचा शब्द अंतिम असे आणि पठ्ठ्यास तक्रारीची सोय नसे, हा तिचा दोष होताच. म्हणून ती जशीच्या तशी परत आणा असें कोणी म्हणणार नाहीं. पण जो शिकवितो तो शिष्याच्या ताटाबद्दल जबाबदार, हें तिच्यांतलें सूत्र आजच्या कायद्यासही शिकण्यासारखें आहे. वाडाच्या संहितेनें अलीकडे त्या दिशेस कांहीं पावलें टाकलीं आहेत. २०१५ पासून बंदी झालेल्या प्रशिक्षकाशीं किंवा डॉक्टराशीं संबंध ठेवणें हा खेळाडूचा स्वतंत्र दोष मानला जातो. २०२१ पासून, गैरप्रकाराची बातमी देणाऱ्यास धमकावणें हाही दोष झाला. भारतानें २०२२ सालीं ह्या विषयावर स्वतंत्र कायदा केला.

कायदा झाला तरी आपली स्थिति समाधानकारक नाहीं. वाडाच्या आंकड्यांप्रमाणें २०२३ सालीं भारतांत ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकीं सुमारें ३.८ टक्के दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हें प्रमाण सर्वांत अधिक. ह्या आंकड्यांमागें पैसा, विमानें व खासगी डॉक्टर असलेला युरोपांतला सायकल-संघ नाहीं. बहुतेक मुलें साध्या घरचीं आहेत. पदक मिळालें तर नोकरी मिळेल, ह्या एका आशेवर धावणारीं.

म्हणून हा प्रश्न रिओचा किंवा पॅरिसचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. सेलूसारख्या तालुक्याच्या गांवींही पोलीस-भरतीसाठीं पहाटे रस्त्यावर धावणारीं मुलें दिसतात, व्यायामशाळा आहेत, आणि शक्ति वाढविण्याच्या भुकट्यांचे डबे दुकानांत मांडलेले असतात. डब्यावर जें लिहिलें असेल तेवढेंच आंत आहे, ह्याची हमी मुलास कोण देणार? तो विचारतो कोणाला? व्यायामशाळेच्या मालकाला, किंवा आपल्याहून दोन वर्षांनीं मोठ्या मित्राला. घरचीं माणसें मुलगा अंगानें भरला म्हणून संतोष मानतात. त्याच्या पोटांत काय जातें ह्याची चौकशी आई लहानपणीं करीत असे. तो वाढला तशी ती चौकशी बंद झाली.

शिक्षा कडक असावी, ह्याविषयीं मतभेद असण्याचें कारण नाहीं. ज्या मुलानें प्रामाणिकपणें सराव केला, त्याचें बक्षीस लबाडाच्या हातीं जाऊं नये, एवढ्यासाठीं तरी ती कडक हवी. मात्र इतिहास पाहतां तिच्याबरोबर दोन गोष्टी असाव्या लागतात. मूल ज्याच्या स्वाधीन केलें त्या प्रशिक्षकास, शिबिराच्या अधिकाऱ्यास आणि औषध सांगणाऱ्यास तिच्यांतला वांटा मिळाला पाहिजे. आणि चूक झाली तर ती वेळींच सांगणाऱ्या मुलास सगळींच दारें बंद आहेत असें वाटूं नये. पहिली गोष्ट सरकारनें आणि क्रीडा-संघांनीं करावयाची आहे. दुसरीचा आरंभ घरांतून होतो. भुकटीचा डबा घेऊन आलेल्या मुलास रागें न भरतां, तो डबा कोणीं दिला आणि त्यांत काय आहे, एवढें आईबापांनीं शेजारीं बसवून विचारावें.